मस्ट, शुड, शॅल की मे? दुकानाच्या पाटीवरून समजून घ्या इंग्रजीतला ‘पाहिजे’चा गोंधळ

अंधेरी स्टेशनबाहेर पडा किंवा मुलुंड-घाटकोपरच्या बाजारात एक चक्कर मारा. दुकानांच्या पाट्यांवर मराठी नाव ठळक दिसतं आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्यासोबत इंग्रजीही असतं. 2023 च्या शेवटी यातल्या अनेक पाट्या घाईघाईत बदलल्या गेल्या. यामागचं राजकारण तुम्ही ऐकलं असेलच. पण या पाट्यांमागे इंग्रजीतले दोन छोटे शब्दही आहेत, ‘शॅल’ आणि ‘मे’.

शाळेत आपण यांना ‘मोडल ऑक्झिलरी’ म्हणून पाठ केलं आणि परीक्षा झाल्यावर विसरून गेलो. पण नोकरीचा मेल, सोसायटीची नोटीस, घराचा करार अशा सगळ्या ठिकाणी हेच शब्द ठरवतात की एखादी गोष्ट सक्तीची आहे की ऐच्छिक.

पाटीच्या कायद्यात नेमकं काय आहे?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम 2017 चा. त्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही मराठी पाटीचा नियम लागू झाला. कायद्याच्या इंग्रजी मजकुरात मराठी देवनागरी पाटीसाठी ‘शॅल’ वापरलंय, म्हणजे ती लावावीच लागेल. त्यासोबत दुसऱ्या भाषेतलं नाव लिहिण्यासाठी ‘मे’ आहे, म्हणजे लिहिलं तरी चालेल, नाही लिहिलं तरी चालेल. आणि मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान असू नयेत, यासाठी ‘शॅल नॉट’ आहे.

सक्ती, मुभा आणि मनाई या तिन्ही गोष्टी एकाच कलमात आल्या आहेत.

किरकोळ व्यापाऱ्यांची संघटना या सक्तीविरोधात मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. फेब्रुवारी 2022 मध्ये याचिका फेटाळताना न्यायालयानं हेही लक्षात आणून दिलं, की इतर भाषांवर बंदी घातलेली नाही. पुढे 25 सप्टेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं पाट्या बदलायला दोन महिने दिले. मुदत संपल्यावर महापालिकेची पथकं दुकानं तपासायला निघाली.

मग आपली गडबड कुठे होते?

गडबडीचं मूळ आपल्या ‘पाहिजे’मध्ये आहे. ही चार वाक्यं बघा:

- मला चहा पाहिजे.
- तू एकदा डॉक्टरकडे जायला पाहिजे.
- भाडं पाच तारखेच्या आत भरलंच पाहिजे.
- चावी इथेच असली पाहिजे.

मराठीत चारही ठिकाणी एकच शब्द चालतो. इंग्रजीत मात्र पहिल्यासाठी ‘वॉन्ट’, दुसऱ्यासाठी ‘शुड’ आणि तिसऱ्यासाठी ‘मस्ट’ लागतं. चौथ्यालाही ‘मस्ट’च, पण तिथे सक्ती नसून खात्रीचा अंदाज आहे. आपण डोक्यात ‘पाहिजे’ म्हणतो आणि आधी आठवेल तो शब्द टाइप करतो.

समजा, सोसायटीच्या नोटिशीत ‘मेंबर्स शुड पे बाय द टेन्थ’ असं लिहिलं. सेक्रेटरींना म्हणायचंय, दहा तारखेच्या आत भरावेच लागतील. वाचणाऱ्याला मात्र वाटतं, भरले तर बरं. मग अकरा तारखेला दंड लावला की भांडण ठरलेलं.

यावर उपाय काय?

इंग्रजी लिहिण्याआधी तेच वाक्य मराठीत म्हणा, पण ‘पाहिजे’ न वापरता. मनात कोणता शब्द येतो ते बघा:

- ‘लागेल’ आलं तर: मस्ट किंवा हॅव टू. करार आणि कायद्यात शॅल.
- ‘बरं होईल’ आलं तर: शुड. हा सल्ला आहे, हुकूम नाही.
- ‘चालेल’ आलं तर: मे. रोजच्या बोलण्यात कॅनसुद्धा चालतं.
- ‘जमेल’ आलं तर: कॅन.
- ‘कदाचित’ आलं तर: मे किंवा माइट.

‘मे’ दोन ठिकाणी आलंय हे लक्षात आलं असेल. त्यामुळे ‘व्हिजिटर्स मे नॉट पार्क हिअर’ म्हणजे पार्किंगला मनाई, पण ‘द लिफ्ट मे नॉट वर्क टुमॉरो’ म्हणजे लिफ्ट कदाचित चालणार नाही. नोटीस लिहिताना शंका नको असेल, तर मनाईसाठी सरळ ‘मस्ट नॉट’ लिहा.

सगळ्यात महागात पडणारी चूक

‘उद्या यायचं नाही.’ या मराठी वाक्यात मनाई आहे की सूट, हे बोलणाऱ्याच्या आवाजावरून कळतं. मेलला आवाज नसतो. ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे आलात तर खबरदार. ‘यू डोन्ट हॅव टू कम’ म्हणजे नाही आलात तरी चालेल. टीममधल्या कुणाला सुट्टी देताना पहिलं वाक्य गेलं, तर तो बिचारा रात्रभर विचार करत बसेल की आपलं चुकलं काय!

अशीच दुसरी सवय म्हणजे ‘विल’च्या जागी ‘वुड’. ‘आय वुड बी जॉइनिंग ऑन मंडे’ हे नम्र वाटतं, पण वाचणारा पुढच्या ‘पण’ची वाट बघतो, जसं ‘मी आलो असतो...’ ऐकल्यावर आपण बघतो. नक्की जाणार असाल तर ‘विल’ लिहा. नम्रपणा विनंतीत दाखवा. तिथे ‘कॅन यू’पेक्षा ‘कुड यू’ जास्त मऊ लागतं.

कायद्यात ‘शॅल’ म्हणजे सक्तीच का?

बहुतेकदा हो, पण नेहमीच नाही. राज्यघटनेच्या कलम 320 मध्ये काही बाबतींत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्यासाठी ‘शॅल’ आहे. तरी मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात (1957) सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सल्ला घेतला नाही एवढ्यावरून सरकारची कारवाई रद्द होत नाही. उलट जोगेंद्र सिंह खटल्यात (1963) याच न्यायालयानं नियमातलं ‘मे’ सक्तीचं मानलं. म्हणजे न्यायालय शब्दासोबत नियमाचा हेतूही बघतं.

तुमचा मेल किंवा नोटीस वाचणारा मात्र हेतू शोधत बसणार नाही, तो शब्दच धरून चालेल. त्यामुळे सेंड दाबण्याआधी एकदा स्वतःला विचारा: लागेल, बरं होईल, की चालेल?