वेताळ : स्वरूप आणि धोका

मुंजीनंतर अविवाहित मृत्यू पावलेला मुंजा पिंपळावर राहतो, ही समजूत बारामती-इंदापूरच्या वाचकास नवी नाही. वेताळ मात्र याहून भिन्न आहे. तो त्या मृताचा आत्मा नसून परक्या प्रेतात शिरून बोलणारी शक्ती होय. ११व्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त राजा शिंशपा वृक्षावरील प्रेत खांद्यावर घेऊन निघतो, त्याचे मौन सुटताच वेताळ पुन्हा झाडावर जातो. येथे भय वाटते ते प्रेताचे; परंतु खरा धोका आहे राजाचा बळी देऊ पाहणाऱ्या भिक्षूचा, आणि त्याची सूचना देतो तो वेताळच! महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही भूत उतरविण्याच्या बहाण्याने मारहाण करणारा माणूसच गुन्हेगार ठरतो.