मनोरा ते गॅरेज

अमेरिकेत शॉटगनचे काही शौकीन झाडलेली काडतुसं फेकून देत नाहीत. रिकाम्या नळकांड्यात नवा प्राइमर (ठिणगी पाडणारी टोपी), दारू, वॅड (दारू आणि छर्ऱ्यांमधली गुटी) आणि छर्रे भरून ती पुन्हा वापरतात. त्यातले काही हट्टी तर छर्रेही विकत आणत नाहीत, गॅरेजात शिसं वितळवून घरीच पाडतात.

एका काडतुसात बारीक छर्रे शेकड्यांनी लागतात. एवढे दाणे साच्यात ओतत बसणं परवडणार कसं? पण वितळलेल्या शिशाचा थेंब आपोआप गोल होतो, कारण पृष्ठताण त्याला कमीत कमी पृष्ठभागाच्या आकारात ओढतो. प्रश्न एवढाच, की गोल झालेला थेंब गोल असतानाच घट्ट कसा व्हावा.

ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स या प्लंबरने १७८२ साली याच्या उत्तराचं पेटंट घेतलं. शिशाचा पाऊस त्याला स्वप्नात दिसला, असं सांगतात. पुढचं मात्र दंतकथा नाही. रेडक्लिफ हिलवरच्या राहत्या घरावर त्याने मनोरा चढवला, तळघरातून खाली खणलं आणि जवळपास २७ मीटरचा उभा मार्ग मिळवला. वरच्या चाळणीतून शिसं सुटायचं, जेमतेम अडीच सेकंद हवेत राहायचं आणि खाली पाण्यात पडायचं. शिशात किंचित आर्सेनिक मिसळलं की थेंब शेपूट न काढता गोल होतो. पेटंटातून आलेला पैसा वॉट्सने घरबांधणीत घातला आणि १७९४ साली त्याचं दिवाळं निघालं. कल्पना मात्र जगभर गेली: बाल्टिमोरला १८२८ साली ७१ मीटरचा मनोरा उभा राहिला. वॉट्सचं घर १९६८मध्ये रस्तारुंदीसाठी पाडलं.

मनोऱ्याची सद्दी संपवली ती लॉस एंजेलिसच्या लुई ब्लीमाइस्टरने. १९६१च्या त्याच्या पेटंटात थेंब पडतो तो फक्त इंचभर, तोही गरम पाण्यात. लगेच उतारावरून घरंगळतो आणि मग पाण्यातून आणखी तीनेक फूट खाली जातो. उंचीचं काम पाण्याच्या उष्णतेने केलं. मला ही युक्ती वॉट्सच्या मनोऱ्याहून अधिक चलाख वाटते.

घरगुती यंत्रं याच तत्त्वावर चालतात. तापलेल्या भांड्याच्या बारीक छिद्रांतून शिसं ठिबकतं, खाली तिरकी पट्टी आणि द्रवाची टाकी. कुणी त्यात मोटारीचं कूलंट वापरतो, कुणी कपडे मऊ करायचं द्रावण. द्रव फार थंड असला तर दाण्याला शेपूट राहते. शिसं बहुधा भंगारातलं. त्यात लाडकी असत ती मोटारीच्या चाकांना तोल साधायला लावलेली शिशाची वजनं, कारण कडकपणा देणारा अँटिमनी आणि जरासं आर्सेनिक त्यांत आयतंच असतं. हल्ली मात्र त्यांत जस्ताची वजनं मिसळलेली येतात, आणि जस्त विरघळलं की सगळी भट्टी बिघडते. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४१९ला. म्हणून मुरलेला माणूस आच आवरतो आणि वर तरंगणारी जस्ताची वजनं झाऱ्याने काढून टाकतो. पाण्याचा एक थेंब वितळलेल्या शिशात गेला तर त्याची क्षणात वाफ होऊन शिसं अंगावर उडतं. शिशाच्या विषाची काळजी वेगळीच.

तयार दाणे तिरक्या काचेवर सोडतात. गोल ते सरळ पळतात, वेडेवाकडे मागे रेंगाळतात. मग ग्रॅफाइटमध्ये घोळवायचे.

अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत १९९१पासून देशभर शिशाला बंदी आहे. चरताना ते छर्रे गिळून बदकं मरत होती. पर्याय म्हणून पोलादी छर्रे आले, पण पोलादाला दीड हजार अंशांच्या आसपासची आच लागते, ती गॅरेजातल्या भांड्याला झेपत नाही. त्यामुळे घरचे छर्रे आता मुख्यतः मातीच्या उडत्या तबकड्यांवरच खर्ची पडतात.