परमुलुखांतील सामायिक कचेरी

शेतकऱ्याच्या हिताहिताचा निकाल बांधावर क्वचितच लागतो. तो बहुधा दूरच्या एखाद्या मेजावर लागतो, आणि त्या मेजापाशीं आपल्या बाजूनें बोलणारा कोणी असतोच असें नाहीं. पुरंदर तालुक्याचें उदाहरण घ्यावें. इ. स. १८७५ मध्यें सुपें गांवीं सावकारांविरुद्ध दंगा उसळला व तो आसपासच्या मुलुखांत पसरला. १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांस कर्जाच्या कामीं दिलासा देणारा कायदा झाला. पुढें मुंबई इलाख्यांतील सनदी अधिकारी सर विल्यम वेडरबर्न यांनीं या तालुक्यांत माफक व्याजानें कर्ज देणारी शेतकी पेढी काढण्याची योजना मांडली. पुण्याच्या पुढाऱ्यांनीं तिला दुजोरा दिला, हिंदुस्थान सरकारनेंही ती उचलून धरली. परंतु लंडनमध्यें भारतमंत्र्यांच्या कचेरींत ती नामंजूर झाली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा व्हावयास १९०४ साल उजाडलें. मधल्या काळांत किती जमिनी गहाणांत बुडाल्या असतील, याचा हिशेब कोणीं ठेवला?

दूरच्या मेजापाशीं आपला माणूस बसवावा, हें आपल्या लोकांस त्यापूर्वींच सुचलें होतें. साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज यांस १८३९ मध्यें पदच्युत केल्यावर त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले व १८५३ पर्यंत तेथें राहून धन्याची बाजू मांडीत राहिले. कंपनीच्या भागीदारांच्या सभेंत त्यांनीं दाद मागितली, कैफियती छापून वांटल्या, पार्लमेंटच्या कांहीं सभासदांस अनुकूल करून घेतलें. तथापि १८४७ मध्यें महाराज काशीस निवर्तले आणि १८४८ मध्यें साताऱ्याचें राज्य खालसा झालें. निष्ठेंत व चिकाटींत रंगो बापूजी कोणास हार जाणारे नव्हते. पण ते एका धन्याचे एकटे वकील होते. त्यांच्या मागें ना मंडळ, ना कायमचा पैका.

हें उणें भरून काढण्याचा यत्न पुढच्या पिढीनें केला. दादाभाई नौरोजींनीं १८६६ मध्यें लंडनला ईस्ट इंडिया असोसिएशन स्थापिली. १८८५ च्या विलायतेंतील निवडणुकीच्या वेळीं मुंबईचे नारायण गणेश चंदावरकर प्रभृति गृहस्थ तेथें जाऊन व्याख्यानें देऊन आले. परंतु पाहुणा परतला कीं ओसरी रिकामी! म्हणून १८८९ च्या जुलैमध्यें लंडनमध्यें कायमची कमिटी उभी राहिली व डिसेंबरांत राष्ट्रीय सभेच्या मुंबईच्या बैठकीनें तिला मान्यता दिली. अध्यक्ष तेच वेडरबर्नसाहेब, ज्यांची पुरंदरची पेढी लंडनमध्यें मोडली गेली होती. चिटणीस विल्यम डिग्बी. येथील व विलायतेंतील कामासाठीं ४५,००० रुपये उभारण्याचा ठराव झाला. १८९० मध्यें या कमिटीचें ‘इंडिया’ हें पत्र निघूं लागलें, आणि १८९८ पासून तें साप्ताहिक झालें. सर्व प्रांतांनीं खर्च वांटून घ्यावा व एकाच कचेरीनें सर्वांचें म्हणणें मांडावें, अशी ही व्यवस्था होती.

या कचेरीनें काय मिळविलें? २ जून १८९३ रोजीं सनदी नोकरीची परीक्षा विलायतेंत व हिंदुस्थानांत एकाच वेळीं व्हावी, असा ठराव पार्लमेंटांत ८४ विरुद्ध ७६ मतांनीं पास झाला. परंतु हिंदुस्थान सरकारनें विरोध केला, आणि अशी परीक्षा आपल्या देशांत प्रत्यक्ष व्हावयास १९२२ साल यावें लागलें. आमचें उभें आयुष्य मुलकी खात्यांत कागद लिहिण्यांत गेलें. हुकूम होणें निराळें आणि हुकुमाचा अंमल होणें निराळें, हें आम्हांस कोणी शिकवावयास नको. मंजुरीनंतरही जो कागदाचा पाठपुरावा करतो, त्याचेंच काम होतें. याहून भरीव लाभ म्हणजे १८९५ मध्यें नेमलेल्या वेल्बी कमिशनावर दादाभाई, वेडरबर्न व केन यांना जागा मिळाल्या, आणि १८९७ मध्यें गोपाळ कृष्ण गोखले व दिनशा वाच्छा यांनीं त्यापुढें सरकारच्या खर्चाविषयीं आंकडेवार साक्षी दिल्या.

त्याच वर्षीं एक कटु धडाही मिळाला. पुण्यांतील प्लेगच्या बंदोबस्तांत शिपायांनीं केलेल्या जुलमाविषयीं घरून आलेल्या पत्रांवर विसंबून गोखल्यांनीं विलायतेंत गंभीर आरोप केले. स्वदेशीं परतल्यावर पुराव्यास कोणी उभें राहीना, आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. जुलूम झालाच नव्हता असें यावरून ठरत नाहीं. परंतु परदेशांतील वकिलाचा शब्द घरून गेलेल्या कागदाइतकाच पक्का असतो, हें मात्र ठरतें. पंचनामा कच्चा, तर दावा कच्चा.

दुसरी अडचण पैशाची. ‘इंडिया’च्या प्रती प्रांतवार नेमून दिल्या होत्या व त्यांची वर्गणी प्रांतांनीं भरावयाची होती; ती वेळेवर न येतां थकत असे. वेडरबर्न, ह्यूम यांसारख्या परकीयांनीं आमच्यासाठीं पदरमोड करावी आणि ज्यांचें काम त्यांनीं बाकी ठेवावी, ही गोष्ट शोभेची नव्हती. शिवाय जो खर्च भरतो त्याचाच आवाज मोठा होतो. कमिटी नरम बोलते अशी तक्रार पुढें वाढली. १९१८-१९ मध्यें लोकमान्य टिळक विलायतेंत असतां कमिटीच्या व पत्राच्या धोरणावरून तंटा झाला, आणि १९२० च्या नागपूरच्या बैठकींत कमिटी व पत्र दोन्ही बंद करण्याचें ठरलें. देशानें स्वतःच्या बळावर विसंबावें, हा त्यामागील विचार होता. त्यांत तथ्य होतें. घरीं बळ नसेल तर बाहेरची वकिली म्हणजे विनवणी होऊन बसते. परंतु घरीं बळ असूनही बाहेर तोंड नसेल, तर तें बळ दिसावें कोणाला?

या जुन्या गोष्टीचा आजच्या शेतकऱ्याशीं काय संबंध, असें वाचक विचारतील. २०१० सालीं महाराष्ट्राचीं द्राक्षें क्लोरमेक्वाट या द्रव्याच्या अंशामुळें युरोपांत अडकलीं, हें बागायतदार विसरले नसतील. अंश किती चालेल, हें ठरविणारें मेज नाशकास नव्हतें, दिल्लीसही नव्हतें. उलट, युरोपांतील शेतकरी-संघांनीं १९५८ मध्यें ‘कोपा’ ही संयुक्त संस्था स्थापिली. तिची कचेरी ब्रुसेल्स येथें, म्हणजे जेथें नियम होतात तेथेंच आहे. जिनीव्हा येथेंही २००१ पासून गरीब व विकसनशील देशांस जागतिक व्यापाराच्या कज्ज्यांत कायद्याचा सल्ला देणारें सामायिक केंद्र चालू आहे. एकट्यास न झेपणारा वकील अनेकांनीं मिळून ठेवावा, हेंच त्याचें तत्त्व.

म्हणून आमची सूचना अशी कीं, निर्यातीचा माल पिकविणाऱ्या संघांनीं एकत्र बसून अशा सामायिक कचेरीचा विचार करावा. मात्र तीन पथ्यें पाळावीं. पहिलें, वर्षाची वर्गणी आगाऊ जमा व्हावी; कचेरी उधारीवर उघडूं नये. दुसरें, येथून जाणारा प्रत्येक आंकडा पावती, तपासणीचा दाखला व तारीख यांसह जावा. ऐकीव गोष्ट एकही जाऊं नये. तिसरें, खुर्चीवर बसणारा माणूस आपला असावा आणि त्यानें दरमहा केलेल्या कामाचा वृत्तांत सभासदांस पाठवावा.

पाटाचें पाणी आपल्या वाफ्यांत यावें म्हणून आपण रात्रीं कंदील घेऊन बारीवर जागतों. ज्या मेजावर आपल्या मालाचें भवितव्य ठरतें, तेथेंही आपला एक माणूस जागता ठेवणें अगत्याचें आहे. पुढील वार्षिक सभेपुढें हा विषय यावा, अशी आमची विनंति आहे.