उजळाईवाडीचा माळ

पंचगंगा पात्र सोडून शिवारात शिरली की कोल्हापूरच्या नजरा उंचवट्याकडे वळतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला आणि शहराची वाट काही दिवस तुटली. शहराच्या आग्नेयेला, समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर असलेला उजळाईवाडीचा माळ मात्र नदीच्या आवाक्याबाहेरच राहतो. याच माळावर 5 जानेवारी 1939 रोजी कोल्हापूर संस्थानाचा विमानतळ सुरू झाला.

विमान उतरवायला कसलेल्या वैमानिकाइतकीच भरवशाची जमीन लागते. जे. आर. डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपाल घेऊन आपलं छोटं पस मॉथ विमान मुंबईत जुहूला आणलं, त्या धावपट्टीवर पावसाळ्यात पाणीच साचायचं. मग मुक्काम पुण्याला हलवावा लागे. मुंबईसारख्या शहराची ही गत, तर एखाद्या संस्थानाने स्वतःचा विमानतळ बांधणं किती मोठं धाडस होतं!

ते केलं छत्रपती राजाराम महाराजांनी. वडील शाहू महाराजांच्या काळात मिरज-कोल्हापूर रेल्वे आली; 1891 मध्ये ती धावू लागली. पण मीटरगेजच्या त्या गाडीने मुंबईला जायचं तर पुण्यात उतरून दुसरी गाडी धरावी लागे. वडिलांच्या काळात रूळ पडले, मुलाने धावपट्टी आखली. राजाराम महाराज 1922 मध्ये गादीवर आले. त्यांच्या काळात कोल्हापूरला साखर कारखाना मिळाला, कोल्हापूर सिनेटोन ही चित्रपटसंस्था उभी राहिली. सिनेमाची आठवण आपण कौतुकाने काढतो, विमानतळाची फारशी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं. शाहू महाराजांच्या उत्तुंग कर्तृत्वाच्या सावलीत हा राजा झाकला गेला.

1940 च्या मे महिन्यात इथून प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्याच वर्षी 26 नोव्हेंबरला महाराज गेले. वय अवघं त्रेचाळीस. आपण आखलेल्या धावपट्टीवरची वर्दळ पाहायला त्यांना जेमतेम सहा महिने मिळाले.

पुढची कहाणी खंडित आहे. 1987 मध्ये 1370 मीटरची धावपट्टी तयार झाली. कंपन्या आल्या, विमानं सुरू झाली, बंद पडली. मधली काही वर्षं तर माळ नुसता वाट पाहत राहिला. 2018 मध्ये 'उडान' योजनेतून पुन्हा नियमित विमानं येऊ लागली, विमानतळाला राजाराम महाराजांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, आणि 10 मार्च 2024 रोजी दगडी कमानींच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं.

मोठी विमानं उतरायची तर धावपट्टी लांब हवी. त्यासाठी शेजारच्या गडमुडशिंगीतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. टर्मिनलच्या कमानींकडे पाहताना मला महाराजांबरोबर तीही शेतं आठवतात.