डबी लावली, पण गाडी धावली का?

गणपतीला पुतण्या बेंगळुरूहून आला तो स्वतःची गाडी घेऊन. गाडी सेकंडहँड, पण टर्बो पेट्रोल इंजिनची. आरती आटोपल्यावर मला हळूच बाहेर नेऊन त्याने स्टीअरिंगखाली बोट दाखवले. "काका, ही डबी बघा. नऊशे रुपयांत पिकअप वाढलं. परवा गोव्याहून येताना चोर्ल्याचा घाट कशी चढली म्हणून सांगू!"

काडेपेटीएवढ्या डबीत हिरवे-निळे दिवे लुकलुकत होते. खोक्यावर लिहिले होते, 'दोनशे किलोमीटर चालवा, मग फरक बघा.'

ही डबी जिथे बसते ते सोळा पिनांचे सॉकेट म्हणजे गाडीची नाडी तपासण्याची जागा. मेकॅनिक तिथेच स्कॅनर लावून दोष शोधतो. अमेरिकेत १९९६ पासून ते सक्तीचे झाले, आपल्याकडे २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आले. इंजिनच्या संगणकाशी बोलायचे, तर डबीत त्याची भाषा जाणणारा भाग हवा.

उद्यमबागेतल्या एका मित्राने ती उघडून पाहिली. आत दिव्यांपुरती चिप होती. वीज घेणाऱ्या पिना जोडलेल्या, पण निरोप पोचवणारा भागच नव्हता! मुका माणूस फोन कानाला लावून बसावा, तसे.

पुतण्याला पटेना. "पण मला फरक जाणवतो ना!" मग मी डबी कधी लावायची, कधी काढायची आणि त्याने नुसते ओळखायचे असे ठरले. सहा फेऱ्यांत तीनदा बरोबर. नाणे उडवले असते तरी एवढेच जमले असते.

मग सगळीच उपकरणे खोटी का? तसे नाही. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. ताकद वाढवायची तर आधी हवा जास्त हवी. टर्बो इंजिनात ती दाबून भरता येते. म्हणून दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरमध्ये बसणारे काही महाग बॉक्स संगणकाला दाब कमी असल्याचे भासवतात. संगणक दाब वाढवतो आणि ताकद खरोखर वाढते. जाणकार ट्यूनर लॅपटॉप लावून मूळ प्रोग्रॅमच बदलतो, आधी-नंतरची ताकद डायनोवर मोजून दाखवतो. टर्बो नसलेल्या इंजिनात मात्र यातून फारसे हाती लागत नाही. पेडलला जोडायचा बॉक्स तर ताकद वाढवतच नाही. थोडे दाबले की जास्त दाबल्यासारखे करतो, एवढेच.

खऱ्या ट्यूनिंगचीही किंमत असते. उष्णता वाढते, क्लच-गिअरबॉक्सवर ताण येतो, वॉरंटी हातची जाऊ शकते. विम्याच्या दाव्यात प्रश्न निघू शकतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील फेरफारांवर बंधने घालते, तेही विसरू नये.

मायलेजच्या डब्यांचीही हीच कथा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणे तपासली. मायलेज लक्षणीय वाढवणारे एकही सापडले नाही.

तेव्हा विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा. हे गाडीत नेमके काय बदलते? आणि आधी-नंतरचे मोजमाप कुठे आहे? उत्तरात नुसते 'लावून तर बघा' आले, तर पाकीट खिशातच ठेवा.

वहिनी माहेरच्या धारवाडच्या. चहा देता देता त्यांनी लेकाला सुनावले, "बेळ्ळगिरुवुदेल्ला हालल्ला!" पांढरे दिसते ते सगळेच दूध नसते. पुतण्या ओशाळून हसला. दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी त्याने गॅरेजमध्ये जाऊन झिजलेले ब्रेक पॅड बदलून घेतले. घाट चढताना पिकअपची मजा खरी, पण उतरताना कामाला येतात ते ब्रेकच.