रोआल्ड डालचे चार तास

लंडनच्या वायव्येला ग्रेट मिसेंडन नावाचं गाव आहे. तिथल्या जिप्सी हाउसमध्ये मुलांसाठी लिहिणारा लेखक रोआल्ड डाल 1954 पासून 1990 मध्ये मरेपर्यंत राहिला. त्याचे दिवस एकमेकांसारखेच असत. त्यातला एक घेऊ, 1986 च्या सुमाराचा. डालची सत्तरी आलेली, हातात 'मटिल्डा' या पुस्तकाचं काम.

सकाळ टपालाची. जगभरातल्या मुलांची पत्रं येत, कधी अख्ख्या वर्गाची एकगठ्ठा. उत्तरं जात, त्यासाठी सेक्रेटरी होती. मुलांशी इतक्या आपुलकीने वागणारा हा माणूस 1983 मध्ये ज्यूंविषयी जाहीरपणे विखारी बोलला होता. त्याच्या कुटुंबाने त्याबद्दल माफी मागितली ती 2020 मध्ये, म्हणजे तो गेल्यानंतर तीस वर्षांनी. त्याचं मोठेपण सांगताना हे गाळून चालत नाही.

दहा-साडेदहाला कॉफीचा थर्मास घेऊन बागेतल्या खोलीकडे. पांढऱ्या विटांची, पिवळ्या दाराची ही खोली बांधली वॉली सॉन्डर्स या गावातल्याच धिप्पाड गवंड्याने. 'द बीएफजी' या त्याच्या पुस्तकातल्या राक्षसाला देहयष्टी मिळाली ती याची.

आत गेल्यावर लगेच लिहिणं नाही. आधी पेन्सिली. पिवळ्या सहा पेन्सिलींना टोकं काढायची. मग आईच्या जुन्या आरामखुर्चीत बसायचं. पाठीचं दुखणं टेकून दाबलं जाऊ नये म्हणून खुर्चीच्या पाठीला भोक पाडलेलं. पाय ओंडके भरलेल्या जुन्या सुटकेसवर. थंडी असेल तर कमरेपर्यंत स्लीपिंग बॅग. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी, तिच्यावर बिलियर्डच्या टेबलाचं हिरवं कापड. खोडरबराचा भुसा ब्रशने झाडायचा, पिवळ्या कागदांचं पॅड पुढे ओढायचं. पॅडही पेन्सिलींसारखं अमेरिकेहून मागवलेलं. पडदे ओढलेले.

लेखकांच्या असल्या तऱ्हांना आपण हसतो. यातल्या निम्म्या गोष्टी मात्र दुखण्याने शिकवलेल्या. सप्टेंबर 1940 मध्ये हवाई दलात असताना त्याचं विमान इजिप्तच्या वाळवंटात कोसळलं. पाठ कायमची गेली, पुढे शस्त्रक्रियांची रांग लागली. कंबरेच्या सांध्याचं काढलेलं हाड त्याने शेजारच्या टेबलावर ठेवलं होतं, येणाऱ्याला दाखवायला. त्याच्याजवळच चंदेरी रंगाचा एक जड गोळा. तरुणपणी लंडनला शेल कंपनीत नोकरी करताना रोज खाल्लेल्या चॉकलेटच्या वेष्टनांचा.

बारापर्यंत काम. 'मटिल्डा' त्या वेळी त्याला छळत होती. पहिल्या खर्ड्यातली मटिल्डा चक्क दुष्ट मुलगी होती, घोड्यांच्या शर्यतीत लबाडी करणारी. ते जमत नव्हतं. शेवटी त्याने सगळं नव्याने लिहिलं आणि आज आपल्याला माहीत असलेली वाचनवेडी मटिल्डा 1988 मध्ये छापून आली. पेन्सिलीने, खोडत खोडत, सत्तरीत.

दुपारी जिन-टॉनिक, कोळंबी, मग झोप.

चारला पुन्हा तीच खुर्ची. सहाच्या सुमारास तो थांबायचा, तेही लिखाण रंगात आलेलं असताना. पुढे काय लिहायचं हे ठाऊक असतानाच उठायचं, म्हणजे उद्या कोरा कागद पाहून घाबरायला नको. ऐकायला सोपं आहे. मला तर त्याच्या दिवसातली हीच सगळ्यात अवघड गोष्ट वाटते.

पूर्वी संध्याकाळी दुसरं एक काम असे. मुलींना झोपवताना सांगितलेल्या गोष्टींतून 'जेम्स अँड द जायंट पीच' आणि 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' वाढत गेले. थोरली ऑलिव्हिया 1962 मध्ये गोवराने गेली, अवघी सात वर्षांची. 'द बीएफजी' तिला अर्पण केलंय. त्यातला राक्षस झोपलेल्या मुलांच्या खोलीत स्वप्नं फुंकतो. धाकट्या मुलींसाठी डाल स्वतः शिडी लावून खिडकीतून बांबूची नळी आत सारायचा, म्हणे.

आता मुली मोठ्या झालेल्या. जेवण झालं की प्लॅस्टिकचा लाल डबा टेबलाभोवती फिरे, चॉकलेटांनी भरलेला. डाल रेप्टनच्या शाळेत असताना कॅडबरीचे नवे नमुने चाखून मत द्यायला मुलांना मिळत. 'चार्ली'ची मुळं तिथली. डबा सगळ्यांकडून फिरून झाला की चॉपर या कुत्र्यालाही स्मार्टीज मिळत.