टेलीकन्व्हर्टर घ्यायचा की मोठी लेन्स? आधी अंतर मोजा, मग खिशात हात घाला



फोटोग्राफीच्या धंद्यावरचा आपला व्हिडिओ आला तेव्हापासून एक प्रश्न सारखा येतोय. "सर, लांबचा फोटो काढायचाय. टेलीकन्व्हर्टर घेऊ की डायरेक्ट मोठी लेन्स?" व्हिडिओत मी दोन मिनिटांत उत्तर दिलं होतं, पण हिशेब सांगायचा राहून गेला. तो आज मांडू.

आपल्या धुळ्याच्या बॅचमधला एक मुलगा. लग्नाच्या ऑर्डरी चांगल्या करतो. त्याला रात्रीच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेचं काम मिळालं. त्याच्याकडे साधी ७०-३०० लेन्स होती. कोणीतरी सांगितलं, "२एक्स कन्व्हर्टर लाव, ३०० ची ६०० होते." झाली की ६०० मिलिमीटर! पण फायनलच्या रात्री कॅमेरा फोकसच धरेना. लेन्स नुसती पुढे-मागे फिरत राहिली. जे फोटो आले ते काळपट आणि हललेले. आयोजकांनी निम्मे पैसे कापले. मला फोन करून म्हणाला, "सर, वस्तू खराब निघाली का हो?"

वस्तू खराब नव्हती, जोडी चुकली होती.

टेलीकन्व्हर्टर म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्या मधोमध बसणारं भिंगांचं छोटं डबडं. लेन्सने तयार केलेलं चित्र ते मोठं करून सेन्सरवर टाकतं. चित्र मोठं झालं की तेवढाच उजेड जास्त जागेवर पसरतो, म्हणजे फोटो अंधारतो. १.४एक्सने एक स्टॉप जातो, म्हणजे उजेड निम्मा राहतो. २एक्सने दोन स्टॉप जातात, उजेड पाव राहतो. त्या मुलाची लेन्स ३०० वर एफ/५.६ ची, कन्व्हर्टर लावल्यावर ती एफ/११ ची झाली. बऱ्याचशा डीएसएलआर कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंतच भरवशाचा असतो, काहींचा मधला पॉइंट एफ/८ पर्यंत चालतो. एफ/११ वर, तेही गावच्या फ्लडलाइटमध्ये, तो बिचारा काय फोकस करणार? नवे मिररलेस कॅमेरे इथे बरेच पुढे आहेत, पण उजेड त्यांनाही लागतोच.

शिवाय कन्व्हर्टर लेन्सचे दोषही मोठे करून दाखवतो. मुळात कडक धार देणाऱ्या लेन्सवर १.४एक्स लावला तर फरक फारसा जाणवत नाही. मवाळ लेन्सवर २एक्स लावलात तर मवाळपणाच दुप्पट होतो. म्हणून कंपन्या ठरावीक लेन्सच्या याद्या देतात. कॅननच्या एक्स्टेंडरचं पुढचं भिंग बाहेर आलेलं असतं, ते भलत्या लेन्समध्ये घुसवायला गेलात तर काचेला काच लागेल. आरएफ १००-५०० वर तर एक्स्टेंडर लावल्यावर झूम ३०० च्या खाली आणताच येत नाही. दुकानदार "बसतो की" म्हणाला तरी यादी स्वतः बघा.

आता खरा हिशेब. हा वहीत लिहून घ्या. वस्तूची उंची गुणिले लेन्सचे मिलिमीटर, भागिले अंतर. उत्तर येतं ते सेन्सरवर वस्तू किती मिलिमीटर उमटेल ते. तुमच्या-माझ्या एपीएस-सी कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २३ मिलिमीटर रुंद आणि १५ उंच असतो.

बॅट्समन पावणेदोन मीटरचा धरा, तुम्ही ६५ मीटरवर बाउंड्रीबाहेर बसलात. ३०० ची लेन्स असेल तर तो ८ मिलिमीटर उमटतो, म्हणजे अर्धी फ्रेम भरली. क्रिकेटला ६०० लागतच नव्हती! २०० ने तो साडेपाच मिलिमीटर येतो, एक तृतीयांश फ्रेम. आणि लग्नवाल्यांकडे असते ती ७०-२०० एफ/२.८ घेऊन तिच्यावर १.४एक्स लावला तर २८० एफ/४ होते, बॅट्समन साडेसात मिलिमीटर. फोकस झटकन बसतो, आयएसओ ३२०० चा ६४०० होतो, पण काम निघतं. माझ्या मते आपल्याकडच्या छोट्या स्टुडिओने टेलीकन्व्हर्टर घ्यावा असा हा एकच प्रसंग आहे: भारी ७०-२०० आधीच घरात आहे आणि अधूनमधून थोडी लांबी कमी पडते.

त्याआधी फुकटचा कन्व्हर्टर वापरून बघितलात का? क्रॉप! २४ मेगापिक्सेलचा फोटो १.४ पटीने कापला तरी १२ मेगापिक्सेल उरतात. त्यात १४ बाय साडेनऊ इंचांची स्वच्छ प्रिंट निघते. दुप्पट कापला तर ६ मेगापिक्सेल उरतात, दहा इंच रुंद प्रिंटला पुरतात. स्पर्धेचा आयोजक फोटो कुठे टाकणार? व्हॉट्सॲप ग्रुपवर, स्टेटसला, फार तर पेपरच्या बातमीत. त्यासाठी उजेड गमावून कन्व्हर्टर कशाला? मोठ्या बॅनरची ऑर्डर असेल तर गोष्ट वेगळी.

पक्ष्यांचं गणित मात्र अवघड. भुसावळजवळच्या हतनूर धरणावर हिवाळ्यात बाहेरून येणारी बदकं बघायला हौशी लोक जातात. तिथे चक्रवाक दिसला, ६५ सेंटिमीटरचा, पण बसलाय १५० मीटरवर. २८० ने तो सव्वा मिलिमीटर उमटतो, फ्रेमच्या रुंदीचा विसावा भाग. ६०० घेतली तरी नववा भाग. अंतर ७५ मीटरवर आलं तर मात्र तीच ६०० सरळ दुप्पट देते, एक रुपया न घालता आणि उजेड न गमावता. म्हणून पक्षीवाले पहाटे जाऊन आडोशाला बसून राहतात. पक्ष्याला जवळ येऊ द्यायचं असतं, आपण त्याच्या अंगावर जायचं नसतं.

रानपिंगळ्याचंच बघा. शंभरपेक्षा जास्त वर्षं जो पक्षी पक्षीतज्ज्ञांना सापडला नव्हता तो १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं, नंदुरबार जिल्हा १९९८ चा. पक्षी केवढा? जेमतेम २३ सेंटिमीटर. ४० मीटरवरून ६०० ने काढला तरी पाव फ्रेम भरत नाही. अशा दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याजवळ जाऊन किंवा मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून फोटो मिळवणारा माणूस आपल्या बॅचचा नको. यावल किंवा अनेर अभयारण्यात जायचं तर वनखात्याची परवानगी आधी.

आणखी एक शत्रू आहे, तो लेन्सच्या जाहिरातीत नसतो: आपलं ऊन. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर जमीन तापते, गरम हवा वर उठते आणि लांबचं सगळं थरथरायला लागतं. रस्त्यावर मृगजळ दिसतं ना, तेच. १५० मीटरवरचा फोटो तेव्हा लाख रुपयांच्या लेन्सनेही पाण्यात पडल्यासारखा येतो. ट्रायपॉड, शटर, काही उपयोगाचं नाही. लोक लेन्सला दोष देऊन सर्व्हिस सेंटरला पाठवतात! उन्हाळ्यात सूर्योदयापासून दोन तास धरा, नाहीतर जवळ जा.

आता धंद्याचं बोलू. पक्ष्यांचे फोटो काढा, मन रमतं, पण त्यातून हप्ता फिटेल असं गृहीत धरू नका. आपल्याकडे लांब लेन्सला पैसे मिळतात ते क्रिकेट, कबड्डी, शाळेचं स्नेहसंमेलन, कुस्त्यांची दंगल, सभेचं स्टेज, दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार यांत. आणि यांतल्या बहुतेक ठिकाणी तुम्ही २० ते ६५ मीटरवर असता. ७०-२०० किंवा ३०० मध्ये भागतं. (मोठी लेन्स खांद्यावर असली की लोक मान देतात हे खरं. पण चाळीसगावच्या केकी मूस यांनी घरात टेबलावर वस्तू मांडून फोटो काढले आणि नाव कमावलं.)

समजा, १५०-६०० तुम्हाला १,२०,००० ला पडते आणि भाड्याने दिवसाला १,५०० ला मिळते. म्हणजे ८० दिवसांचं भाडं म्हणजे एक लेन्स. वर्षात तिची खरी गरज असणारी कामं १५ असतील तर पाच वर्षांहून जास्त काळ भाडंच स्वस्त. त्यात पावसाळ्यात बुरशी, धूळ, जुनं मॉडेल पडणं हे आलंच. तुमच्या गावातले आकडे टाकून हेच गणित करा. नाशिक-पुण्याहून मागवत असाल तर येण्या-जाण्याचे दोन दिवस आणि डिपॉझिट धरा, आणि भाडं कोटेशनमध्ये वेगळी ओळ टाकून गिऱ्हाइकाला दाखवा. गिऱ्हाईक देतं. न दाखवता खिशातून भरलंत तर तो तुमचा तोटा. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं म्हणून लगेच अर्ज करू नका. आधी भाड्याच्या पावत्या जमवा. वर्षाला ४०-४५ पावत्या होत असतील तर बँकेत जाताना त्याच घेऊन जा.

धुळ्याच्या त्या मुलाने पुढे काय केलं? २एक्स मिळेल त्या भावात विकला. पुढच्या स्पर्धेला ७०-२०० एफ/२.८ दोन रात्रींसाठी भाड्याने आणली, कन्व्हर्टर न लावता. बसायची जागा बदलली, फोटो क्रॉप करून दिले. आयोजकांनी या वेळी पूर्ण पैसे दिले, वर पुढच्या वर्षीचा शब्दही.

तुम्ही भाड्याने पहिल्यांदा आणाल तेव्हा ऑर्डरच्या आदल्या दिवशी आणा. जळगावात असाल तर मेहरूण तलावावर सकाळी सहाला जा, ओळखीच्या माणसाला ६५ मीटरवर उभं करा. शटर १/१००० ठेवून एकदा नुसत्या लेन्सने, एकदा कन्व्हर्टर लावून काढा. जुन्या जीन्सच्या पायात ज्वारी भरून दोन्ही टोकं शिवली की लेन्सखाली ठेवायला पिशवी तयार. घरी येऊन दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर पूर्ण मोठे करून शेजारी-शेजारी लावा आणि नुसत्या लेन्सचा फोटो क्रॉप करून दुसऱ्याशी ताडून बघा. फरक दिसला नाही तर कन्व्हर्टर त्याच दिवशी परत करा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचं भाडं वाचेल.